जोतीरामच्या टाकीतलं औषध

डिझेलमधी औषध टाकावं का न्हाय, ह्ये मला कशाला इचारता? मी चहा विकणारी बाई. माझी शेगडी गॅसवर चालती आन् ती बी धड पेटत न्हाय. पण इचारलंयच तर बसा. मला जोतीरामचं सांगावं लागंल, त्याशिवाय त्या बाटलीचं सांगता यायचं न्हाय. आन् मधीच माझ्या तोंडातनं एखादी शिवी गेली तर ऐकून घ्यायची. ह्या एका गोष्टीवर माझं डोकं अजून तापतं.

कारखान्याच्या यार्डाच्या तोंडाशी माझी टपरी. सीझन चालू झाला की ऊस भरलेल्या गाड्या येऊन रांगंत लागत्यात. वजनकाट्यावर नंबर येईस्तवर डायवर लोकांना काम काय? तंबाखू मळायची, छबूआक्का चहा दे म्हणायचं आन् एकमेकाच्या गाडीची उणीदुणी काढायची. ह्याची गाडी धूर टाकती, त्याची चढाला बसती. ह्या सगळ्या भांडणाचा निकाल लावायचा जोतीराम.

जोतीराम सणसरचा. घरचा ऊस हाय, कारखान्याचं सभासदत्व हाय, घरात कशाची वाण न्हाय. पण नाद गाडीचा. पोरवयात बारामतीला एका मिस्त्रीच्या हाताखाली जाऊन ऱ्हायला, पाने उचलून दे, ऑइल गळंल तितं फडकं लाव, असं करत करत शिकला. मग जुना ट्रक घेतला, त्याच्या कपाळावर ‘जय मल्हार’ लिवलं आन् त्या ट्रकाची अशी काळजी घेतली की त्याची बायको रेश्मा मला म्हणायची, आक्का, मी आजारी पडले तर ह्यांना चार दिसांनी कळंल, गाडी शिंकली तर लगीच कळतं.

खोटं न्हवतं त्ये. इंजान चालू ठेवायचा, लांबडा पेचकस इंजानाला टेकवायचा, त्याच्या मुठीला कान लावायचा आन् डोळं मिटायचा. सगळी पोरं गप. मी मुद्दाम इचारायची, “काय म्हणतंय रं?”

“उपाशी हाय म्हणतंय. आधी मला भजी दे आक्का, मग त्याचं बघतो.”

असा. आता गुणाचा हुता म्हणून सगळंच ग्वाड हुतं असं न्हाय बरं का. जोतीरामला गर्व हुता. त्याच्या गाडीला दुसऱ्यानं हात लावल्याला त्याला खपायचं न्हाय. कुणी चुकीचं बोललं तर चारचौघांत त्याची अब्रू काढायचा. आन् बाटलीवाल्यांवर तर त्याचा भारी राग. कुणी डायवर डिझेलात टाकायच्या औषधाची बाटली घेऊन आला की जोतीराम ती उन्हात धरायचा, हलवून बघायचा आन् म्हणायचा, “इंजानाला रोग काय झालाय त्ये तरी सांग. फिल्टर बदललास? टाकी धुतलीस? पंप-नोझल साफ करून आणलंस? न्हाय ना? आळशी माणसाला बाटली लागती.” सगळी हसायची, आन् त्यो बिचारा बाटली खिशात घालून जायचा. जोतीराम न्हाय म्हणला म्हंजी यार्डात ती बाटली खपायची न्हाय. येवढा त्याच्या शब्दाला मान हुता. पदरचं कुणाला काय द्यायचा न्हाय तो, पण शब्द खरा द्यायचा.

त्याचा धाकटा भाऊ ऋषिराज. बाप गेला तवा ऋषी शाळंत बी जात न्हवता. जोतीरामनं त्याला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला शिकवलं. पुढं दोघं पाळीनं गाडी चालवायला लागली, एक खेप ह्याची, एक त्याची. ऋषी दिसायला देखणा, बोलायला मधाळ. आक्का तुझ्या हातच्या चहाला तोड न्हाय, असं म्हणून मला बी गुंडाळून ठेवायचा. पण पोराला एक सल हुता. यार्डात त्याचं नाव कुणी घ्यायचं न्हाय. जोतीतात्याचा भाऊ, बस्स. ‘ए जोतीतात्याच्या भावा, गाडी मागं घे.’ ह्ये त्याला लागायचं, मला त्याच्या तोंडावर दिसायचं.

आन् तिसरा दीपक. बारामतीत स्पेअर पार्टचं दुकान हाय त्याचं. कुठल्याशा कंपनीच्या औषधाची एजन्सी त्यानं घेतली आन् पांढरे बूट घालून आमच्या चिखलात यायला लागला. बाटली चांगली, अव्हरेज वाढतं, धूर जातो, नोझल साफ ऱ्हातं, समदं पाठ केल्यावाणी बोलायचा. डायवर लोक ऐकून घ्यायची आन् शेवटी एकच इचारायची, “जोतीतात्या टाकतो का?” की दीपकची गाडी तितंच पंक्चर. मग त्यानं जोतीरामलाच गाठलं. म्हणला, तुमी नुसती वापरून बघा, फुकट देतो. जोतीरामनं सगळ्यांच्या देखत ती बाटली त्याच्याच हातात परत दिली आन् म्हणला, “दीपकराव, तुमी प्या. तुमचाच आवाज जरा बसलाय.” हसून हसून लोकांच्या चहाचं कप हिंदकळलं. दीपक बी हसला. मी तवाच वळखायला पाहिजे हुतं, असं मला कुणी म्हणू नका. हसणाऱ्या माणसाच्या पोटातलं कुणाला दिसतं?

तर त्या साली सीझन चालू झाला. यार्डात शिरायच्या आधी कालव्याच्या पुलाचा चढ हाय. भरलेली गाडी त्या चढाला आली की कण्हती आन् काळा धूर सोडती, माझं दुधाचं पातेलं मला झाकून ठेवावं लागतं. जोतीरामची गाडी जुनी, ती बी तसलीच. पण त्या सीझनला ती आली ती अशी, की मला पत्ताच न्हाय. धूर न्हाय, कण्हणं न्हाय. सरळ चढून आली.

जोतीराम खाली उतरला तवा त्याचं तोंड बघायला पाहिजे हुतं. सीझनच्या आधी त्यानं बारामतीला जाऊन पंप-नोझल करून आणलं हुतं आन् बसवताना टायमिंग, म्हंजी इंजानात डिझेल कवा सुटायचं त्ये, सवताच्या हातानं लावलं हुतं. “बघितलंस का आक्का? हात लागलाय माझा.” परत परत तेच. एकदा मी वैतागून म्हणलं, बाबा, तुझ्या हाताची पूजा घालते, पण आधी चहा घे, गार व्हायलाय. इतका खूष माणूस मी बघितला न्हाय. लगीन झालं तवा बी येवढा खूष न्हवता.

मग काय, सगळ्यांनी त्येच धरलं. कळंबचा बापूसाहेब, तो बी जुना गाडीवाला, त्यानं बी पंप-नोझल केलं, जोतीरामला बोलावून टायमिंग लावून घेतलं. फरक शून्य. गाडी हुती तशीच धूर टाकत आली. बापूसाहेब आधीच तापट. एक दिवस भर दुपारी, सगळी रांग उभी असताना, माझ्या टपरीसमोर त्यानं तोंड सोडलं. “आमाला म्हणायचं औषध टाकू नका, आन् आपण गुपचूप पाजायचं! आमी काय खुळं हाय व्हय?”

सगळ्यांनी जोतीरामकडं बघितलं. जोतीरामचं कान लाल झालं. ऋषी त्याच्या शेजारीच उभा हुता. दीपक माझ्या बाकड्यावर बसून चहा पीत हुता. ह्ये ध्यानात ठेवा, दोघं बी तितंच हुती.

जोतीराम तरातरा टपरीत आला. माझ्या फळीवर खंडोबाचा फोटू हाय, त्याच्या पुढं वाटीत भंडारा असतो. त्यानं वाटीत हात घातला. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेल्या शब्दावर परत कोण बोलत न्हाय. बांधाची भांडणं मिटत्यात त्यानं, सोयरिकी जुळत्यात आन् तुटत्यात. मी म्हणलं, “आरं, येवढ्याशा गोष्टीला देव कशाला मधी आणतोस?”

“येवढीशी न्हाय आक्का,” तो म्हणला. “ही माणसं माझ्या शब्दावर आपल्या गाडीला हात लावत्यात.”

आन् बाहेर जाऊन, मूठ वर धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “मल्हारीची आण! माझ्या टाकीत डिझेलबिगर एक थेंब गेला असंल, तर हितनं पुढं माझा शब्द कुणी मानू नका.”

कपाळाला भंडारा लावला त्यानं. मग बापूसाहेबाला लावला. बापूसाहेबानं हात जोडलं, चुकलो म्हणला. मग उरलेला भंडारा एकेकाला लावत गेला. दीपकला लावला. ऋषीला लावला. ऋषीनं मान खाली घातली आन् गुमान लावून घेतला. मला वाटलं, थोरल्याचा मान ठेवतंय पोरगं. माझं डोळं भरून आलं हो! आता आठवलं की माझाच मला राग येतो.

सीझन सरला. दीपकनं इंदापुरात एका हॉलमधी कार्यक्रम ठेवला. गाडीवाल्यांचा मेळावा, वर जेवण, आन् सगळ्यात चांगलं अव्हरेज देणाऱ्या गाडीच्या मालकाचा सत्कार. चहाचं काम मला दिलं. मी म्हणलं चला, बरं झालं. जोतीराम इस्त्रीची पांढरी कापडं घालून, फेटा बांधून आला. आधी येणार न्हवता. बाटलीवाल्याच्या दारात मी कशाला, म्हणला. ऋषीनं गळ घातली, दादा, तुजा मान हाय, त्यात बाटलीचा काय संबंध? भावाच्या शब्दाखातर आला तो.

नाव पुकारलं. शाल घातली, नारळ दिला, टाळ्या पडल्या. जोतीराम लाजला बी थोडा. त्याला पुढच्या खुर्चीत बसवलं, हॉलमधलं दिवं बंद केलं आन् समोर पडद्यावर व्हिडिओ लावला.

पडद्यावर जोतीरामची गाडी. ‘जय मल्हार’ लिवलेली. दसऱ्याची झेंडूची माळ अजून ताजी, म्हंजी सीझनच्या आधीचा व्हिडिओ. आन् टाकीचं झाकण उघडून बाटली ओततोय कोण? ऋषी. हसत हसत. ओतून झाल्यावर बाटली कॅमेऱ्यापुढं धरून म्हणतोय, “आमच्या जोतीदादांची गाडी बी ह्याच्यावरच पळती. दर टाकीला एक बाटली. सणसर ते कारखाना, धूर न्हाय, दम लागत न्हाय.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग बापूसाहेबाच्या टाळ्या थांबल्या. मग त्याच्या शेजारच्याच्या. हळूहळू सगळ्या यार्डाला टपरीसमोरची ती दुपार आठवायला लागली. नवखी माणसं तेवढी टाळ्या वाजवत ऱ्हायली. दीपकनं माइकवर जाहीर केलं, इंदापूर तालुक्याची एजन्सी आपण ऋषिराजभाऊंना देतोय. ऋषिराजभाऊ! मिळालं बघा एकदाचं पोराला सवताचं नाव.

जोतीराम उठला. शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला आन् बाहेर आला. मी मागच्या दाराला चहाच्या पिंपापाशी हुते. माझ्याजवळ येऊन उभा ऱ्हायला आन् पाणी मागितलं. मागनं ऋषी धावत आला.

“दादा, रागावू नको. तुला सरप्राइज द्यायचं हुतं.”

जोतीराम पाणी पीत ऱ्हायला.

“तू ऐकतच न्हवतास, मग काय करू? आन् इंजान बिघडलं का? उलट सुधारलं. कुणाचं काय वाईट झालं सांग की.”

“इंजानाचं ऱ्हाऊ दे,” जोतीराम म्हणला. “मी भंडारा उचलला तवा तू कुठं हुतास?”

“हुतो की. शेजारीच.”

“मग माझा हात का न्हाय धरलास?”

ऋषीनं पिंपाजवळचा कप उचलला, परत ठेवला.

“मी तुला भंडारा लावला तवा तुजं कपाळ गरम लागलं,” जोतीराम म्हणला. “मला वाटलं, ताप हाय पोराला. तुला घरी पाठवलं मी. झोप म्हणलं. तुझी खेप बी मीच मारली त्या दिशी.”

आई शप्पथ सांगते, तवा मला ऱ्हावलं न्हाय. दीपक दारात येऊन उभा हुता, पांढऱ्या बुटात. मी म्हणलं, “मुडद्या, माझ्या देवाचा भंडारा कपाळाला लावून घेतलास, तवा तुला काहीच न्हाय वाटलं?” तर म्हणतो कसा, “आक्का, धंद्यात चालतंय.” चालतंय? मी पिंपाची तोटी सोडली आन् सगळा चहा गटारीत सोडून दिला. म्हणलं, ह्ये बी चालतंय. आन् भांडी उचलून घरी आले.

घरी काय झालं त्ये मला रेश्मानं सांगितलं. त्यांची आई तानूबाई, ती म्हातारी मधी पडली. पाठचा भाऊ हाय, तरणं पोर हाय, चुकलं, पदरात घे. जेजुरीला जाऊन ये, नकळत झालंय, देव समजून घेतो. जोतीराम म्हणला, “देव घेईल गं समजून. त्याला माहीत हाय मला माहीत न्हवतं. ऋषीला माहीत हुतं.” भांडला न्हाय, वाटणी मागितली न्हाय. फक्त गाडीची दुसरी चावी ऋषीकडनं मागून घेतली. एका पंक्तीला जेवत्यात, पण वाटी पुढं सरकवण्यापुरतं सुद्धा बोलत न्हाईत. ऋषीनं इंदापुरात दुकान टाकलं. बोर्डावर जोतीरामच्या गाडीचा फोटू लावला, त्यो बी कुणाला न इचारता.

पुढच्या सीझनला जोतीरामनं एक काम केलं, त्ये मला आधी कळलंच न्हाय. टाकी रिकामी करून धुतली आन् नुसत्या डिझेलवर गाडी चालवली. थोड्या दिसांनी चढाला परत काळा धूर. मी झाकण घालायला धावले. मग त्यानं सवताच्या हातानं बाटली आणली, टाकली. काही खेपांनी धूर गेला. परत बंद केली, परत धूर आला. मी म्हणलं, “ह्ये काय चालवलंयस?”

“खरं काय त्ये मला कळाया पाहिजे,” म्हणला. बाकड्यावर बसला, हातातला कप तसाच. “माझा हात न्हवता आक्का. ती बाटलीच हुती. मी उगंच नाचत हुतो.”

भावानं देवापुढं खोटा पाडला, ह्ये एक. पण त्याच्या हातावरचा त्याचा इस्वास बी नेला हो त्यांनी! चोरी झाली तर वस्तू तरी दिसती, ह्या चोरीत काय दाखवायचं?

यार्डात त्याला कुणी वाईट बोललं न्हाय. बापूसाहेब सवता येऊन म्हणला, तात्या, तुला माहीत न्हवतं, आमी शब्द मानतो तुझा. पण आधीसारखं घोळक्यात बसणं जोतीरामनं सोडलं. गाडीतच बसून ऱ्हायचा.

असाच एक दिवस नरसिंहपूरकडचा नवा गाडीवाला आला. पोरगेला, कर्ज काढून नव्हं पण जमवाजमव करून जुनी गाडी घेतलेला. हातात दीपकची बाटली. त्याला मागचं काहीच ठाऊक न्हाय. कुणीतरी सांगितलं असणार, जोतीतात्याला इचार. गाडीपाशी जाऊन म्हणला, “तात्या, ह्ये औषध टाकावं का न्हाय?”

सगळ्यांची तोंडं तिकडं वळली. मी शेगडी बारीक केली. मला वाटलं, आता! आता एक ‘न्हाय’ म्हणायचं. येवढंच. एका शब्दात दीपकचं दुकान बसलं असतं आन् इंदापूरचा बोर्ड बी उतरला असता. खंडोबानंच पोराला धाडलं म्हणलं मी मनात.

जोतीराम खाली उतरला. पोराच्या गाडीला पेचकस लावून ऐकलं. धूर बघितला. बाटली उन्हात धरली.

“गाडी जुनी हाय, नोझलला मळ हाय,” म्हणला. “टाक. पण आधी टाकी धू आन् फिल्टर नवा घाल, न्हायतर सुटलेला मळ फिल्टरात जाऊन बसंल आन् रस्त्यात गाडी बंद पडंल. नवी गाडी असती, तर नको म्हणलो असतो. पैसं वाया.”

“संपल्यावर कुठं मिळंल तात्या?”

“इंदापुरात. माझ्या भावाचं दुकान हाय.”

मी झारा घेऊनच बाहेर आले. “आरं, तुला अक्कल हाय का न्हाय? त्यानं तुझी अशी माती केली, आन् तू त्याची गिऱ्हाइकं वाढवतोस? एकदा, एकदा तरी खोटं बोल की!”

सगळी डायवर मंडळी बघत हुती. जोतीरामनं बाटली पोराच्या हातात दिली, हात पँटला पुसलं.

“एकदा बोललोय की आक्का,” म्हणला. “तुझ्याच दारात. भंडारा हातात घेऊन.”

काट्यावरनं त्याचा नंबर पुकारला. तो गाडीत चढला आन् गाडी पुढं घेतली. नुसत्या डिझेलवर, काळा धूर सोडत.